टाळ्या नकोत, फ्यूज बघा

आधी एक कबुली. माझ्या एका रीलमुळे एका माणसाची दोन रात्रींची झोप उडाली. आणि गंमत म्हणजे ते रील बनवताना मला वाटत होतं की मी त्याचं कौतुक करतेय.

झालं असं की सीताफळांच्या सीझनवर काहीतरी करू म्हणून मी दौलताबादला गेले होते. किल्ल्याच्या पायथ्याशी पाट्या लागलेल्या, टुरिस्ट भाव करतायत, वेरूळला जाणाऱ्या गाड्या दिल्ली दरवाजात अडकून हॉर्न वाजवतायत, असं सगळं नेहमीचं शूट झालं. मामा मालीवाड्याला राहतो, म्हणून जेवायला तिकडे गेले. त्याच्या शेजारच्या दादांची पिकअप दारात उभी होती. जाधववाडी मार्केटला माल नेणारी, हौद्यात क्रेट रचलेली, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेली, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही पिकअपसारखीच. दादांनी केबिनमध्ये बसून डॅशबोर्डखालचं एक बटण दाबलं आणि डोक्यामागची काच घुर्रर्र करत बाजूला सरकली. परत दाबलं, बंद.

पिकअपच्या मागच्या काचेला पॉवर विंडो! मी काय करणार? मोबाइल काढला. चाळीस सेकंदांचं रील, खाली 'देसी जुगाड लेव्हल हजार', त्याच्यापुढे आगीच्या तीन इमोजी. संध्याकाळपर्यंत व्ह्यूज धावायला लागले. 'इंजिनिअर लोक कोपऱ्यात रडतायत', 'याला नोबेल द्या', वगैरे. आणि मध्येच कुणीतरी वाहतूक पोलिसांना टॅग करून विचारलेलं : हे कायद्यात बसतं का?

रात्री साडेदहाला दादांचा फोन. "ताई, ते काढून टाका बरं. गाडीचा नंबर दिसतोय त्याच्यात. हप्ते चालू हायत माझे."

काढलं. पण व्हायचं ते शेअर होऊन गेलंच होतं. त्याचं पुढे काही झालं नाही, हे नशीब. पण त्या रविवारी मी माफी मागायला परत गेले, आणि या वेळी मोबाइल खिशात ठेवून नीट ऐकलं. जे ऐकलं त्यावरून हा लेख. नाव छापायचं नाही ही त्यांची अट, आणि गाडीचा रंगसुद्धा मी सांगणार नाहीये.

पहिला प्रश्न मी रीलच्या वेळी विचारायला हवा होता तो : ही काच सरकवायला मोटर लागतेच कशाला? हाताने ढकलता येत नाही?

दादांनी डावा हात पुढे केला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यावर संपलेली.

ते सात वर्षं वाळूजला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट काढायचे. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे प्रेस येताना दोन्ही हात बटणांवर, बाहेर. साधी, हुशार सोय आहे. पण दोन्ही हात गुंतले की पीस काढायला वेळ जातो, नग कमी निघतात. म्हणून त्यांच्या मशीनचं एक बटण कुणीतरी पट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पीस. तासाला नग वाढले. एके दिवशी बोटं गेली.

"ते पण जुगाडच होतं की," दादा म्हणाले. अगदी सहज, चहा ओतता ओतता.

मी रीलवर लिहिलेला शब्द तोच होता. एकच शब्द. ज्या युक्तीने त्यांची बोटं गेली तीही जुगाड, आणि त्या तुटक्या बोटांना झेपेल म्हणून त्यांनी महिनाभर डोकं लावून बनवलं तेही जुगाड. आम्ही दोन्हीवर सारख्याच टाळ्या वाजवतो. म्हणजे आमच्या टाळ्यांना किंमत काय?

आता ती काच. पिकअपच्या केबिनला मागे एकच अख्खी काच असते, रबरात बसवलेली, न उघडणारी. एसी नाही. इंजिन सीटच्या खालीपुढेच, मे महिन्यात आपल्याकडे चाळिशी पार, म्हणजे केबिनची भट्टी होते. मागची काच उघडली तर वारा आरपार जातो. शिवाय मार्केटला गाडी रिव्हर्स घेताना मागून हमाल 'येऊ द्या, येऊ द्या, बस्स' ओरडतो ते ऐकू येतं. म्हणून त्यांनी भंगारातून एका जुन्या मिनीबसची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी आणून तिथे बसवून घेतली. बाहेरची लोखंडी जाळी तशीच ठेवली, माल घसरून काचेवर येऊ नये म्हणून. पण तिची कडी चिमटीत धरून दाबायची आणि मग सरकवायची. ड्रायव्हर उजवीकडे बसणार, मागे जाणार तो डावा हात. त्या हाताला चिमूट उरलेली नाही. एकदा पुढच्या ट्रकची धूळ आली म्हणून ते चालत्या गाडीत मान वळवून कडीशी झटापट करत होते, समोर पाहिलं तर दिल्ली दरवाजाची कमान आणि तिच्यातून येणारी बस. तिथे एका वेळी एकच मोठी गाडी मावते हे ज्यांनी तिथे अर्धा अर्धा तास काढलाय त्यांना सांगायला नको.

मग सुरू झाला प्रयोग. पहिल्यांदा त्यांनी वायपरची मोटर लावली, कारण ती घरात पडलेली होती. वायपरची मोटर एकाच दिशेने गोल फिरत राहते, तिच्या पुढचे दांडे ते फिरणं डावी-उजवीकडे करतात. परिणाम असा की बटण दाबलं की काच उघडायची, बंद व्हायची, उघडायची, बंद व्हायची. हवी तिथे थांबवायची म्हणजे नेम धरून बटण सोडायचं. पोरं बघायला जमायची म्हणे.

दुसऱ्यांदा त्यांनी एका जुन्या कारच्या दारातून पॉवर विंडोची मोटर आणि केबलचा रेग्युलेटर काढून आणला. दारात हा उभा बसतो आणि काच वर-खाली नेतो, यांनी तो आडवा करून खिडकीखाली बसवला. आता काच डावी-उजवीकडे. मोटर बारा व्होल्टची, गाडीच्या बॅटरीवर चालते. प्लस-मायनस उलटे केले की उलटी फिरते, तेवढंच काम ते बटण करतं. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : या मोटरच्या पुढे वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा आणि त्याला लागून दातेरी चाक. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक ढकलून दांडा फिरत नाही. त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळली तरी काच जिथे थांबवली तिथेच राहते. वेगळी कडीच नको. दादांना 'वर्म गिअर' हा शब्द माहीत नव्हता. पण मोटर हातात घेऊन त्यांनी मला दाखवलं, इकडून फिरतं, तिकडून नाही. मास कम्युनिकेशनच्या तीन वर्षांत मला कुणी एखादी गोष्ट इतकी स्वच्छ समजावून सांगितलेली आठवत नाही. (सर, वाचत असाल तर सॉरी.)

तिसरी गोष्ट मात्र भीतीची आहे. सुरुवातीला मोटरची वायर त्यांनी थेट बॅटरीवरून घेतली होती, मध्ये फ्यूज नाही. एकदा चॅनलमध्ये सोयाबीनचा भुसा आणि खडा अडकला, काच हलेना. बटण दाबून धरलं. फिरणारी मोटर थोडा करंट घेते, अडकलेली मोटर कितीतरी पट जास्त. वायर गरम झाली, प्लास्टिक वितळल्याचा वास आला. वायर सीटच्या मागून गेलेली, सीटच्या मागे फडकी आणि बिलांची पुस्तकं. त्यांनी बॅटरीची वायर उपटून काढली म्हणून वाचले. मग जाऊन वायर जाड घेतली, बॅटरीजवळ फ्यूज टाकला.

हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. वासाने सांगितलं.

इथे माझा मुद्दा आहे आणि तो मला जरा जोरात मांडायचाय. माझ्या रीलखाली आलेल्या सगळ्या कमेंट मी वाचल्या. फ्यूज आहे का, हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं. विचारणारे दोनच प्रकारचे होते : 'भारी!' म्हणणारे आणि 'बेकायदा!' म्हणणारे. पहिल्यांना गंमत हवी होती, दुसऱ्यांना दंड. काच सुरक्षित आहे का, हा प्रश्न दोघांच्याही गावीच नाही.

बेकायदावाल्यांचं म्हणणं अगदी चूक नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ जे नमूद केलंय त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे आणखी ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा असा कडक असण्याला कारणही आहे, आपल्या रस्त्यांवर वाढवलेले हौदे आणि डोळे फोडणारे लाइट सगळ्यांनी पाहिलेत. पण त्याच कायद्यात हेही आहे की शारीरिक अपंगत्व असलेल्या माणसाला स्वतःची गाडी, ठरवलेल्या अटी पाळून, स्वतःच्या सोयीची करून घेता येते. 'अनुकूलित वाहन' असा त्यासाठी शब्द आहे. दादांची बोटं गेल्याला किती तरी वर्षं झाली. या वाटेबद्दल त्यांना मी सांगितलं तेव्हा ते हसले. "मला कोण अपंग म्हनतंय, ताई? मी तर गाडी चालवतो."

महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०२१ च्या दोन गोष्टी घ्या.

ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत शेख इस्माईल शेख इब्राहिम हा चोवीस वर्षांचा तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. शाळा आठवीपर्यंत, काम पत्र्याचं आणि वेल्डिंगचं. पाती तुटली, डोक्याला लागलं, तो गेला. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. आपण नंतर हळहळलो, त्याला 'रँचो' म्हणालो, स्टेटस ठेवलं. पण त्याने ते यंत्र बनवायला दोन वर्षं घातली होती. त्या काळात जिल्ह्यातल्या एकाही कॉलेजच्या वर्कशॉपचं दार त्याला उघडं असतं, कुणी 'आधी हे पातं तपासू, तोवर तू आत बसायचं नाही' म्हणालं असतं तर? हा 'तर' मला सोडत नाही.

दुसरी गोष्ट गोड आहे, म्हणजे गोड समजली जाते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी चारचाकी बनवली, किक मारून सुरू होणारी. खर्च साधारण साठ हजार. डिसेंबरमध्ये व्हिडिओ फिरला. आनंद महिंद्रांनी लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या स्थानिक प्रशासन ती थांबवेल, तर त्या बदल्यात मी बोलेरो देतो आणि ही गाडी आमच्या रिसर्च व्हॅलीत ठेवू. जानेवारीत बोलेरो मिळाली. सगळ्या देशाने डोळे पुसले. मला महिंद्रांच्या हेतूबद्दल शंका नाही, उलट त्यांनी नियमाचा अडथळा सरळ बोलून दाखवला, तेवढं तर आम्ही रीलवाले करत नाही. पण बक्षीस काय मिळालं ते बघा. गाडी बनवली म्हणून विकतची गाडी. बनवणाऱ्याला गिऱ्हाईक करून आपण त्याचा सत्कार केला. जे त्याला येत होतं ते काचेच्या पलीकडे प्रदर्शनात गेलं. आणि दर वेळी बोलेरो देणार कोण? दादांच्या काचेसाठी कुणी उद्योगपती ट्वीट करणार नाहीये.

कुणी म्हणेल, संशोधकांसाठी संस्था आहेत की. आहेत. गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन २००० पासून गावागावांतल्या कल्पना शोधतंय, आपल्या शहरात 'मॅजिक'सारखं इन्क्युबेशन सेंटर आहे. पण तिथे जाताना कल्पना नवी लागते, स्टार्टअप लागतं, किमान प्रेझेंटेशन तरी लागतंच. दादांच्या काचेत नवं काही नाही. पॉवर विंडो जगात कधीच आली. त्यांना पेटंट नकोय. त्यांना एवढंच हवंय की वायरिंगमधलं कळणाऱ्या कुणीतरी खाली वाकून बघावं आणि सांगावं, हे बरोबर, हे चूक, हे बदल.

आणि असं होऊ शकतं याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, शाळा सुटलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायला. तिथे जुन्या जीपच्या पार्टांपासून छोटा ट्रॅक्टर बनला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यातली एक २००२ मध्ये याच पाबळमध्ये. म्हणजे भंगाराचं काम आणि मोजमापाचं काम एकाच छपराखाली होतं, त्यासाठी पोरगं बीई असावं लागत नाही.

आपल्या शहरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आहे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, आयटीआय आहेत. त्यांच्या वर्कशॉपला शनिवारी दुपारी कुलूप असतं. आठवड्यातून एक दुपार ते उघडं ठेवा. फलक लावा : स्वतः केलेलं काहीही घेऊन या, तपासून मिळेल, पोलिसांना कळवणार नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तेच प्रोजेक्ट द्या. (इंजिनिअरिंगच्या मित्रांनो, विकत आणलेल्या प्रोजेक्टची किंमत मला माहितेय, मला बोलायला लावू नका.) वायर किती जाडीची, फ्यूज कितीचा, काचेत हात आला तर काय होईल, एवढं लिहून द्या. उद्या आरटीओने तो कागद मानायचा की नाही हा पुढचा भांडणाचा विषय, आणि ते भांडण मी या पानावर आनंदाने भांडेन. पण आधी कागद तरी असू दे.

यावर माझ्या इंजिनिअर मित्राचा आक्षेप : असं केलं तर कॉलेजनेच बेकायदा गोष्टीवर शिक्का मारल्यासारखं होईल, उद्या आग लागली तर जबाबदार कोण? आक्षेप खरा आहे. पण आज आग लागली तर जबाबदार कोण? आज तर कुणी बघितलेलंच नाहीये. न बघणं हे आपण सुरक्षित समजतो, कारण न बघणाऱ्याचं नाव एफआयआरमध्ये येत नाही.

हाच मित्र शेवटी माझ्याबरोबर मालीवाड्याला आला. मल्टीमीटर घेऊन, जरा नाक उडवतच. अर्ध्या तासाने तो गाडीखाली आडवा होता. त्याने दोन चुका काढल्या. एक, वायर केबिनच्या पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर नव्हतं, पत्र्याची धार इन्सुलेशन खात होती. आणखी काही महिने, मग शॉर्ट. दुसरी, खिडकीची चौकट दोनच स्क्रूंवर होती. दादांनी लगेच पोराला पळवलं, पंक्चरच्या दुकानातून ट्यूबचा तुकडा आणवला.

मग मित्राने विचारलं, कारमध्ये काचेत काही अडकलं की काच आपोआप मागे येते, तसं इथे नाही, काय करणार? दादांचा मुलगा सहा वर्षांचा. गाडी उभी असली की तो हौद्यात चढून जाळीतून हात घालून वडिलांना हाक मारतो.

दादांनी त्याला बटण दाखवलं. दाबून धरलं तरच चालणारं. बोट उचललं की काच तिथल्या तिथे थांबते. बाजारात एकदा दाबून सोडलं की चालत राहणारं बटणही मिळत होतं, दिसायला भारी, दुकानदार तेच गळ्यात मारत होता. "मी म्हनलं, नको. दाबून धरायचंच दे. काच बंद होताना मानसाचं लक्ष तिथंच पायजे."

मित्र काही बोलला नाही. मीही नाही.

पुढच्या महिन्यात गाडीचं पासिंग आहे. दादांनी ठरवलंय, आदल्या रात्री मोटर उतरवायची, मिनीबसची खिडकी काढून जुनी काच परत रबरात बसवायची. ती त्यांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवलीय. पासिंग झालं की दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जागेवर. मी विचारलं, एवढ्या खटपटीला किती वेळ लागतो?

"मोटरचं काय, चार बोल्ट हायत," ते म्हणाले. "काच बसवायलाच दोन मानसं लागतात. तुमच्या मित्राला घेऊन या त्या दिवशी."